बिंदू चौकाजवळचा सोव्हिएतनंतरच्या कम्युनिस्ट पक्षांवरचा अभ्यासवर्ग: फी वसूल, पण शेवट गुंडाळलाय

सरळ सांगतो, पाचपैकी पावणेचार. म्हणजे जावा, नक्की जावा, फक्त शेवटच्या भागाकडनं फार अपेक्षा ठेवू नका आणि पुस्तिका विकत घेऊ नका. बाकी सगळं खाली सविस्तर लिहितोय, मोठं झालंय, ज्याला कंटाळा आहे त्यानं इथंच थांबलं तरी चालेल.

आधी हे आहे काय ते सांगतो, कारण मी स्टेटस टाकलं तेव्हा निम्म्या लोकांना वाटलं हा एमपीएससीचा क्लास आहे आणि उरलेल्यांना वाटलं मी पक्षात गेलो. दोन्ही नाही. बिंदू चौकापासनं चालत जाता येईल अशा एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर हॉल आहे, तिथं रविवारी सकाळी एक निवृत्त प्राध्यापिका शिकवतात, पावसाळाभर चालतं. फी पाचशे रुपये, विद्यार्थ्यांना निम्मी. विषय एकच आणि एकदम नेमका: सोव्हिएत युनियन पडल्यावर तिथल्या पंधरा प्रजासत्ताकांतल्या कम्युनिस्ट पक्षांनी परत एकमेकांशी गाठ मारायचा जो प्रयत्न केला त्याचं काय झालं. इतका बारीक विषय घेऊन कोल्हापुरात कोण क्लास काढतंय आणि कोण फी भरून येतंय असं मलाही वाटलं होतं, पण हॉल भरलेला असायचा. शिरोली एमआयडीसीतले माझ्यासारखे फौंड्रीवाले, इचलकरंजीचे दोन-चार यंत्रमागवाले, शिवाजी विद्यापीठाची पोरं, एक वकील, आणि मागच्या ओळीत एक आजोबा जे फक्त चहाला जागे व्हायचे.

मी का गेलो तर घरात लाल बावट्याचं वातावरण, वडील युनियनमध्ये. लहानपणी आमच्या वह्यांना जी कव्हरं असायची ती रशियन मासिकांच्या चकचकीत कागदाची, त्यावर ट्रॅक्टर आणि हसणाऱ्या बायका. मग ती मासिकं यायची बंद झाली आणि का बंद झाली ते घरात कुणी नीट सांगितलं नाही. एवढंच कारण, फार मोठं काही नाही.

आता शिकवण्याबद्दल. मॅडमचा पहिला गुण म्हणजे त्या १९९१ च्या ऑगस्टपासनं सुरुवात करत नाहीत. सगळेजण तिथनं करतात, टँक, रशियाचा राष्ट्राध्यक्ष येल्तसिन टँकवर चढला, झालं. ह्यांनी सुरुवात केली डिसेंबर १९८९ पासनं, लिथुआनियातनं. तिथला कम्युनिस्ट पक्ष ब्राझाउस्कासच्या नेतृत्वाखाली मॉस्कोच्या पक्षातनं बाहेर पडला, आणि जे मॉस्कोशी निष्ठावान राहिले त्यांनी बुरोकेविचसच्या मागं वेगळा पक्ष ठेवला. पुढं काय झालं बघा. ब्राझाउस्कास १९९३ मध्ये स्वतंत्र लिथुआनियाचा निवडून आलेला राष्ट्राध्यक्ष झाला, आणि बुरोकेविचसला १९९४ मध्ये पकडून तुरुंगात घातलं, २००६ पर्यंत आत. एकाच पक्षातली दोन माणसं. म्हणजे देश फुटायच्या आधीच पक्ष फुटायला लागला होता, आणि हे डोक्यात बसलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

मग त्यांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला आणि म्हणाल्या हा पुसायचा नाही. प्रश्न असा की हे पक्ष परत एकत्र आले ते कशासाठी, मोडलेला देश परत जोडायला, का आपापल्या देशात आपापला पक्ष टिकवायला? मला त्या दिवशी वाटलं हे काय, दोन्हीसाठी असणार की. पण जसं जसं पुढं गेलो तसं कळलं की ही दोन कामं एकमेकांच्या आडवी येतात, आणि सगळी भांडणं तिथनंच निघालेली आहेत. ज्यानं हा वर्ग आखला त्याचं डोकं इथं दिसतं.

बंदीचा भाग त्यांनी कोर्टाच्या अंगानं शिकवला, तो वकीलसाहेबांना फार आवडला आणि मलाही. सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्हला हटवायला पक्षातल्याच कडव्या लोकांनी केलेलं ऑगस्टचं बंड फसलं, त्यानं २४ ऑगस्टला सरचिटणीसपद सोडलं, आणि ६ नोव्हेंबर १९९१ ला, म्हणजे क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी, येल्तसिननं रशियात पक्षावर बंदी घातली. तारीख मुद्दाम निवडली का काय ह्यावर वर्गात बराच वेळ गेला, तो जरा फुकट गेला असं माझं मत. कोटी-दीड कोटी सभासदांचा पक्ष, एका फर्मानानं बंद, आणि रस्त्यावर कुणी उतरलं नाही, हे खरं विचार करण्यासारखं. मग कम्युनिस्ट कोर्टात गेले. १९९२ मध्ये रशियाच्या घटना न्यायालयात महिनोन्महिने खटला चालला, झोर्किन अध्यक्ष. गोर्बाचेव्हला साक्षीला बोलावलं तर तो आलाच नाही, म्हणून कोर्टानं त्याला दंड केला, किती, तर शंभर रुबल. ह्यावर सगळा हॉल हसला, मागचे आजोबापण जागे झाले. शेवटी ३० नोव्हेंबर १९९२ ला निकाल आला तो असा की वरची केंद्रीय यंत्रणा बंद करणं बरोबर, पण खालच्या स्थानिक शाखांना परत संघटना बांधता येईल. मॅडम म्हणाल्या ह्या एका वाक्यावर पुढची सगळी इमारत उभी आहे, कारण वरचं डोकं कायद्यानं गेलं, हातपाय मोकळे राहिले, मग आता नवीन डोकं कोण ह्याची मारामारी.

वारस किती झाले ते ऐकाल तर गार पडाल. नोव्हेंबर १९९१ मध्येच सेंट पीटर्सबर्गला, म्हणजे जुन्या लेनिनग्राडला, नीना आंद्रेयेव्हाचा पक्ष, त्याच महिन्यात येकातेरिनबर्गला त्युलकिन वगैरेंचा रशियन कम्युनिस्ट कामगार पक्ष, रॉय मेदवेदेव्हच्या लोकांचा समाजवादी पक्ष वेगळा, आणि अजून दोन-तीन ज्यांची नावं माझ्या वहीत आहेत पण वाचता येईनात. प्रत्येकाचं म्हणणं खरा पक्ष आम्हीच. ह्याचा मॅडमनी एक तक्ता करून दिला होता, मोठ्या कागदावर झेरॉक्स, बाण काढून कोण कुठनं फुटलं आणि कोण कुठं गेलं. तो तक्ता म्हणजे ह्या वर्गातली सगळ्यात भारी गोष्ट. मी तो घरात कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, बायको म्हणते हे काय वंशावळ का काय.

तर मुख्य गोष्ट. २६ आणि २७ मार्च १९९३ ला मॉस्कोत सोव्हिएत पक्षाचं २९ वं अधिवेशन भरवलं गेलं. आकडा मुद्दाम २९, कारण २८ वं गोर्बाचेव्हच्या वेळचं, जुलै १९९० चं, म्हणजे आम्ही नवीन काही काढत नाही, तोच पक्ष पुढं चालू आहे असं सांगायचं होतं. पण तिथंच त्यांनी मान्य केलं की आता एक पक्ष म्हणून चालणार नाही, पंधरा देश झालेत, म्हणून हा पक्षांचा संघ. नाव कम्युनिस्ट पक्षांचा संघ, आणि त्याला जोडून जुन्या पक्षाची आद्याक्षरं, रशियनमध्ये एसकेपी-केपीएसएस. अध्यक्ष ओलेग शेनिन. हा माणूस कोण तर जुन्या पक्षाच्या पॉलिट ब्युरोतला, म्हणजे सगळ्यात वरच्या समितीतला, आणि १८ ऑगस्ट १९९१ ला क्रिमियात फोरोसला गोर्बाचेव्हच्या बंगल्यावर जे चार-पाच लोक विमानानं गेले होते, राजीनामा दे नाहीतर आणीबाणीवर सही कर म्हणायला, त्यातला एक. त्यासाठी अटक झाली, आणि संघाचा अध्यक्ष झाला तेव्हा डोक्यावर खटला होता, तो १९९४ मध्ये दूमानं, म्हणजे रशियाच्या संसदेनं, माफी दिली तेव्हा सुटला. म्हणजे संघाचा चेहरा असा की ज्याला देश परत जोडायचाच आहे, त्याच्यासाठी ९१ हा फक्त मधला अडथळा.

आणि दुसरीकडं झ्युगानोव्ह. इथं मॅडमनी एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती आणि मला वाटतं वर्गातल्या कुणालाच नव्हती. सोव्हिएत काळात युक्रेनचा वेगळा कम्युनिस्ट पक्ष होता, जॉर्जियाचा होता, कझाकचा होता, पण रशियाचा स्वतःचा असा वेगळा पक्ष जून १९९० पर्यंत नव्हताच! मॉस्कोचा केंद्रीय पक्ष हाच रशियाचा पक्ष समजला जायचा. मग बंदीनंतर फेब्रुवारी १९९३ मध्ये रशियन फेडरेशनचा कम्युनिस्ट पक्ष, म्हणजे केपीआरएफ, परत उभा राहिला, झ्युगानोव्ह प्रमुख, आणि तो बघता बघता सगळ्यात मोठा झाला. पाच लाखांच्या आसपास सभासद सांगायचे. १९९५ च्या दूमा निवडणुकीत २२ टक्के मतं आणि १५७ जागा, १९९६ ला झ्युगानोव्ह पहिल्या फेरीत ३२ टक्के, येल्तसिन ३५, दुसऱ्या फेरीत ४० विरुद्ध ५४ च्या आसपास. आता अशा पक्षाला संघाची गरज किती? मार्च ९३ ला सगळे संघ काढत होते तेव्हा केपीआरएफ जरा लांबनंच बघत होता, नंतर आत आला. आणि आत आल्यावर काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

१५ मार्च १९९६ ला दूमानं कम्युनिस्टांच्या पुढाकारानं ठराव केला की सोव्हिएत युनियन मोडणारा बेलोवेझचा करार आम्ही मानत नाही. वर्गातल्या एका पोरीनं विचारलं, "मग मॅडम, देश परत आला का?" मॅडम म्हणाल्या, "नाही गं, पण युक्रेनमधल्या आणि मोल्दोव्हातल्या कम्युनिस्टांना निवडणुकीत उत्तरं द्यायला लागली." हे उत्तर मला फार आवडलं. फळ्यावरचा प्रश्न परत तिथं येऊन बसला.

सगळ्यात चांगला रविवार म्हणजे नकाशाचा. मॅडमनी भिंतीवर नकाशा लावला आणि एकेक देश घेत गेल्या, संघातला पक्ष तिथं कसा जगला. सुरुवात मोल्दोव्हापासनं, कारण तिथं तर हे लोक सत्तेतच आले, २००१ मध्ये १०१ पैकी ७१ जागा, व्होरोनिन राष्ट्राध्यक्ष, जुन्या सोव्हिएत भागात कम्युनिस्ट पक्ष नाव ठेवून सरळ निवडणुकीनं सत्ता मिळवणारा. आता संघाला आनंद झाला असेल, पण २००३ मध्ये मॉस्कोनं ट्रान्सनिस्ट्रियाच्या, म्हणजे मोल्दोव्हातनं फुटून निघालेल्या पट्ट्याच्या, तोडग्याचा मसुदा पाठवला, कोझाक मेमोरँडम म्हणतात त्याला, व्होरोनिननं आयत्या वेळी सही करायला नकार दिला आणि तिथनं तो युरोपकडं वळला. म्हणजे संघातला एकमेव पक्ष ज्याच्या हातात सरकार आलं, त्यानं देश जोडायचं सोडून युरोपियन युनियनशी जुळवून घ्यायला घेतलं. सरकार चालवायचं म्हटल्यावर असंच होतं बहुतेक. इचलकरंजीचे आण्णा लगेच म्हणाले "गद्दार", मॅडम म्हणाल्या "आण्णा, नगरपालिका चालवून बघा एकदा", हशा.

बेलारूसमध्ये उलटं. तिथं राष्ट्राध्यक्ष लुकाशेंकोच्या बाजूचे आणि विरोधातले असे १९९६ मध्ये दोन पक्ष झाले, दोघांच्या नावात कम्युनिस्ट. संघात शेवटी टिकला तो सरकारच्या बाजूचा, विरोधातल्यांनी पुढं २००९ मध्ये नावच बदलून टाकलं. कझाकस्तानात २००४ ला फूट, आणि मूळ पक्ष २०१५ मध्ये कोर्टानं बंद केला. युक्रेनमध्ये सिमोनेंकोचा पक्ष १९९८ ला जवळजवळ पंचवीस टक्के मतं घेणारा, सगळ्यात मोठा, १९९९ ला सिमोनेंको राष्ट्राध्यक्षपदाच्या दुसऱ्या फेरीपर्यंत गेला, २०१४ मध्ये पाच टक्क्यांचा उंबरठापण ओलांडता आला नाही आणि २०१५ मध्ये कोर्टाकडनं बंदी. बाल्टिक देशांत पहिल्यापासनंच बंदी, लाटव्हियाच्या पक्षाचा प्रमुख रुबिक्स १९९७ पर्यंत तुरुंगात. मधल्या आशियातले आणि कॉकेशसमधले पक्ष भरभर उरकले, तिथं फार काही हाताला लागलं नाही, मॅडमनापण आणि आम्हालापण.

ह्या नकाशासमोर बसून जे कळतं ते कुठल्याही भाषणात कळत नाही. एकाच संघाच्या बैठकीला एक जण मंत्र्याच्या गाडीतनं येणार, एक जण तुरुंगातनं सुटून येणार, एकाचा पक्ष त्याच्या देशात बेकायदेशीर, एकाचा पक्ष हुकूमशहाचा मित्र. ह्यांनी मिळून ठराव करायचा तर कशावर करायचा? स्टालिनग्राडच्या विजयावर, लेनिनच्या जयंतीवर आणि अमेरिकेविरुद्ध. ह्या तीन गोष्टींवर भांडण होत नाही. बाकी सगळ्यावर होतं.

आणि भांडण झालंच. जुलै २००० मध्ये शेनिननं रशिया आणि बेलारूस मिळून एकच कम्युनिस्ट पक्ष काढायचा घाट घातला. दोन देशांनी डिसेंबर १९९९ ला संघराज्याचा करार केलेला होताच, मग शेनिनचं म्हणणं, देश जवळ येतायत तर पक्षपण एक करू. झ्युगानोव्हला हे कसं चालणार, त्याच्या केपीआरएफच्या घरात दुसरी चूल. जानेवारी २००१ मध्ये संघाच्या बैठकीत शेनिनला काढलं आणि झ्युगानोव्ह स्वतः अध्यक्ष झाला. शेनिन म्हणाला मला काढणारे तुम्ही कोण, आणि त्याचे लोक त्याच नावानं वेगळे चालू राहिले. काही वर्षं एकाच नावाचे दोन संघ. कोल्हापुरात हे कुणाला समजावून सांगायला लागत नाही, आपल्याकडं तालमीत फूट पडली की दोन्ही गट तोच बोर्ड लावतात, दोन्ही गणपती मानाचाच म्हणून बसवतात आणि वर्गणी मागायला एकाच गल्लीत दोनदा येतात. २००४ मध्ये शेनिनच्या गटानं तर सरळ जुन्या सोव्हिएत पक्षाचंच नाव घेतलं. २००९ मध्ये तो वारला.

ह्या ठिकाणी वर्गात जी चर्चा झाली तिच्यासाठी मी एकट्यानं फी दिली असती. आण्णा शेनिनच्या बाजूचे, एकदम कडक. त्यांचं म्हणणं, संघ काढला तो देश जोडायला, झ्युगानोव्हनं तो स्वतःच्या पक्षाचं परराष्ट्र खातं करून टाकला. विद्यापीठातला एक पोरगा झ्युगानोव्हच्या बाजूचा, म्हणाला, "आण्णा, शेनिनकडं माणसं किती होती? ज्याच्याकडं मतं नाहीत त्यानं पंधरा देश जोडायच्या गप्पा मारायच्या?" मग आण्णा चिडले, त्यांनी संप, गिरणी, ८२ साल सगळं काढलं, मॅडमनी दोघांना बोलू दिलं, मध्ये पडल्या नाहीत, आणि शेवटी फक्त फळ्यावरच्या प्रश्नाकडं बोट केलं. बिंदू चौकात या म्हणून आव्हान द्यायची आपली जुनी पद्धत, ती चौकाजवळच पण आवाज न चढवता कशी चालते ते इथं बघायला मिळालं. बरं, आवाज थोडा चढला होता, खोटं का बोला.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला आण्णांचं निदान पटलं आणि पोराचा हिशेब पटला. मोठा पक्ष आत आला की संघ त्याचा होतो, आणि मोठा पक्ष बाहेर राहिला की संघाला कुणी विचारत नाही. ह्यातनं वाट कशी काढायची ते मॉस्कोत कुणाला जमलं नाही.

आता सोयी-गैरसोयी. खुर्च्या लोखंडी, फोल्डिंगच्या, दोन तास बसलं की कंबर बोलायला लागते, वयस्कर माणसांनी उशी न्यावी. माइक आहे पण घुमतो, तिसऱ्या ओळीच्या मागं बसलात तर रशियन नावं काहीच्या काही ऐकू येतात, मला पहिल्या दिवशी शेनिन हा शाहीन ऐकू आला आणि मी वहीत तसंच लिहिलं. जिना अरुंद आणि अंधारा. पार्किंगचा वांदा आहे, रविवारी तिकडं गाडी लावायची म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांशी स्पर्धा, तेव्हा दुचाकी नाहीतर सरळ चालत. चहा मात्र एक नंबर, मध्यंतराला किटलीतनं येतो, आलं घातलेला, फीमध्येच. भडंगपण असायचं कधी कधी, कुणीतरी घरनं आणायचं.

संयोजकांचं वेळेचं भान बरं आहे, सुरुवात वेळेवर होते, संपायला उशीर होतो. एक रविवार मुसळधार पावसात अचानक रद्द झाला आणि मेसेज आला तो लोक जिना चढून वर गेल्यावर. इचलकरंजीची माणसं भिजून एसटीनं आली होती, त्यांना निदान चहा तरी पाजायचा. ह्यावर मी तिथंच बोललो, पुढच्या वेळी लवकर कळवू म्हणाले, आणि खरंच नंतर आदल्या रात्री मेसेज यायला लागले.

पुस्तिका घेऊ नका हे वर म्हटलंच. दीडशे रुपयांची पातळ पुस्तिका, वर्गातलं सगळं त्यात आहे म्हणून विकतात. नाही. कुणीतरी घाईत टाइप केलेली आहे, एका पानावर संघाची स्थापना ९३ ला, चार पानांनी पुढं तीच ९५ ला, ब्राझाउस्कास आणि बुरोकेविचस ह्यांची अदलाबदल केलीय म्हणजे बिचारा राष्ट्राध्यक्ष तुरुंगात आणि कैदी राष्ट्राध्यक्ष! मॅडमना दाखवलं तर त्यांनी कपाळाला हात लावला, त्यांनी तपासलेलीच नव्हती. तक्त्याची झेरॉक्स फुकट मिळते, तेवढी घ्या आणि स्वतःची वही ठेवा.

आता शेवटच्या भागाची तक्रार, ज्याच्यामुळं सव्वा गुण कापलाय. मागच्या दोन रविवारांत विषय जुन्या सोव्हिएत भागाबाहेर गेला, जगातल्या कम्युनिस्ट पक्षांनी १९९१ नंतर काय केलं. ह्यात मालमसाला भरपूर होता. एप्रिल १९९२ ला प्याँगयाँगमध्ये सत्तर पक्षांच्या सह्यांचा जाहीरनामा निघाला. मे १९९३ मध्ये मार्क्सच्या १७५ व्या जयंतीला आपल्या सीपीएमनं कलकत्त्यात आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवला. क्युबाला रशियन मदत बंद झाली तेव्हा सीपीएमचे नेते हरकिशनसिंग सुरजीत ह्यांनी देशभर हिंडून दहा हजार टन गहू गोळा करून जहाजानं पाठवला, हे ऐकताना आण्णांचे डोळे भरले होते, त्यांनी स्वतः त्यावेळी पैसे दिले होते म्हणे. मग १९९८ पासनं ग्रीसच्या कम्युनिस्ट पक्षानं अथेन्सला दरवर्षी कम्युनिस्ट आणि कामगार पक्षांची बैठक भरवायला सुरुवात केली, ती नंतर देशोदेशी फिरायला लागली, लिस्बन, मिन्स्क-मॉस्को, साओ पाउलो, आणि नोव्हेंबर २००९ ला दिल्लीत, जिथं सीपीआय आणि सीपीएम दोघांनी मिळून यजमानपण केलं. १९६४ ला वेगळे झालेले दोन पक्ष जगाला एकजुटीवर जेवायला बोलावतात हे म्हणजे जरा गंमतच, पण त्यांनी ते नीट पार पाडलं.

हे सगळं सांगितलं, पण फळ्यावरचा प्रश्न ह्या दोन रविवारांत पुसला गेला. तो प्रश्न इथं जास्त लागू होता. ह्या बैठकांना कॉमिन्टर्नसारखं, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांना मॉस्कोतनं चालवणाऱ्या संघटनेसारखं, केंद्र नाही, १९४३ ला स्टालिननं ते बंद केलं तेव्हापासनं कुणालाच परत तसं केंद्र नको आहे, सगळ्यांचं एकमत झालं तरच निवेदन निघणार. मग एकमत नसेल तेव्हा काय? मी हे विचारलं. उत्तर मिळालं की मतभेद असूनही भेटत राहणं हेच महत्त्वाचं. हे काय उत्तर झालं?

आणि खरी कसोटी तर २०२२. फेब्रुवारीत रशियानं युक्रेनवर हल्ला केला, त्याच्या आधी पूर्व युक्रेनमधनं फुटलेल्या दोनेत्स्क-लुगान्स्कला मान्यता द्या असा ठराव दूमात आणणारा पक्ष कोणता तर केपीआरएफ, झ्युगानोव्हचा, जो ह्याच संघाचा अध्यक्ष. आणि ज्या ग्रीक पक्षानं सगळ्या जगाला अथेन्सला बोलावलं त्यांनी म्हटलं हे दोन्ही बाजूंनी साम्राज्यवादी युद्ध आहे, आम्ही कुणाच्याच बाजूला नाही. युरोपातल्या पक्षांचा २०१३ ला केलेला एक गट होता, तो ह्याच वादात २०२३ मध्ये बंद पडला. आणि युक्रेनमधला सिमोनेंकोचा पक्ष, जो संघातला भाऊ, त्याच्या देशावर संघाच्या अध्यक्षाचा पाठिंबा असलेलं सैन्य. एवढं सगळं समोर असताना ह्या विषयाला किती वेळ मिळाला, तर चहाच्या आधीचा थोडा वेळ. विद्यापीठातली पोरं हात वर करून बसली होती. मॅडमना बोलायचं होतं असं मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं, पण संयोजकांपैकी एक जण उठले आणि म्हणाले आपला विषय इतिहासाचा आहे, चालू घडामोडी नको. अहो, मग २९ वं अधिवेशन काय मोहेंजोदडोत भरलं होतं काय? देश जोडायचा हे ज्यांच्या संघाचं पहिलं वाक्य, त्यांच्या बाबतीत रणगाडे निघाल्यावर त्या वाक्याचा अर्थ काय झाला हे विचारायचं नाही म्हणजे सगळ्या पावसाळ्याचं शिकवणं अर्धवट सोडण्यासारखं आहे.

स्थानिक जोड देण्याचा प्रयत्नपण शेवटी केला गेला, शेकापचा १९५० चा दाभाडी प्रबंध, त्यातला मार्क्सवाद-लेनिनवादाचा स्वीकार, त्यानंतर पक्षात झालेली पडझड, हा विषय आपल्या जिल्ह्याला किती जवळचा आहे. शेकापच्या एन. डी. पाटील सरांच्या गावात हे शिकवताना वेळ अपुरा पडावा हे बरं नाही. त्यावर एक अख्खा रविवार द्या, लोक येतील, मी पैज लावतो.

कुणी जावं? ज्याला जगाच्या राजकारणात रस आहे आणि नावं लक्षात ठेवायची तयारी आहे त्यानं. इतिहासाच्या, राज्यशास्त्राच्या पोरांनी तर नक्की, इतकं तपशीलवार मराठीतनं कोण सांगत नाही. ज्याला घोषणा ऐकायच्यात त्यानं जाऊ नये, मॅडम घोषणा देत नाहीत. आणि ज्याला कम्युनिस्टांना शिव्या ऐकायच्यात त्यानंपण जाऊ नये, त्यापण मिळत नाहीत, मिळते ती कोण, कधी, कुणाबरोबर ह्याची माहिती.

नवीन बॅच दिवाळीनंतर सुरू करायचं म्हणतायत, ह्यावेळी शाहू स्मारकाच्या बाजूला मोठी जागा बघायचं चाललंय असं ऐकलं, तसं झालं तर माइक आणि पार्किंग दोन्ही सुटतील. नाव नोंदवताना दोन गोष्टी आधीच मागून घ्या, तक्त्याची झेरॉक्स पहिल्याच दिवशी, आणि २०२२ वर वेगळा रविवार. दहा जणांनी मागितलं तर त्यांना द्यायलाच लागेल, आम्ही मागं सह्यांचं पत्र दिलंय, त्यात आण्णांची सही सगळ्यात वर आहे.